नाकात वस्ती करणारी बुरशी

२०२१ च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, रायपूरच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत काळ्या बुरशीचे रुग्ण दाखल झाले. ती बुरशी नाकावाटे शिरते आणि चेहऱ्यावरील सूज, डोळ्याची वेदना अशा खुणांनी लवकरच उघडी पडते. अतिदक्षता विभागांना आणखी एका बुरशीची धास्ती असते. ती मात्र कोणतीही खूण न दाखवता नाकात राहू शकते. तिचे नाव कँडिडा ऑरिस.

‘ऑरिस’ हा लॅटिन शब्द कानाशी संबंधित आहे. २००९ साली जपानमधील एका वृद्धेच्या कानात सापडलेल्या या बुरशीचे प्रथम वर्णन झाले, म्हणून हे नाव मिळाले. पुढे बगल, जांघ व नाकपुड्या हीदेखील तिची ठिकाणे ठरली. भारतात २०११-१२ मध्ये २७ अतिदक्षता विभागांतील, रक्तात कँडिडा असलेल्या १४०० रुग्णांची पाहणी झाली. त्यांपैकी ७४ जणांच्या रक्तात ऑरिस होती.

वस्ती आणि संसर्ग यांत भेद आहे. वस्ती असताना बुरशी त्वचेवर किंवा नाकात नुसती राहते. रुग्णाला तिचा त्रास नसतो. परंतु शिरेत बसवलेल्या नळीवाटे ती रक्तात उतरली, तर जिवावर बेतते. हातांवाटे ती शेजारच्या खाटेवरील रुग्णाकडेही जाते. फ्लुकोनाझोल हे नेहमीचे औषध तिच्या बहुतेक वाणांवर चालत नाही.

मग नाकातच तिचा नायनाट का करू नये? पोव्हिडोन आयोडीन, म्हणजे जखमेवर लावतात ते तपकिरी औषध, पेशीच्या अनेक घटकांवर एकाच वेळी आघात करते. त्यामुळे गोळ्यांना न जुमानणारी बुरशीही परीक्षानळीत त्याने मरते. पण नाक म्हणजे परीक्षानळी नव्हे. तेथील चिकट स्राव औषध पातळ करतो आणि वाहून नेतो.

म्हणूनच रुग्णांवर चाचणी घ्यावी लागते. त्यांची संमती घेऊन, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडतात. एका गटाच्या नाकात औषध लावतात, दुसऱ्याच्या नाकात औषध नसलेला द्रव. आधी व नंतर कापसाचा बोळा फिरवून त्यावरील बुरशी प्रयोगशाळेत वाढवून मोजतात. येथे एक फसगत संभवते. बोळ्यासोबत आलेले थोडे आयोडीन ताटलीतही बुरशी मारीत राहते, आणि नाकात बुरशी असूनही अहवाल निर्दोष येतो! यासाठी नमुन्यात सोडियम थायोसल्फेट मिसळून आयोडीन आधी निष्प्रभ करतात.

पहिल्या दिवशीच्या यशावरही विसंबता येत नाही. नाक स्वच्छ झाले तरी बगलेतील बुरशी बोटांवाटे तेथे परत येऊ शकते. प्लास्टिकवर तर ती दोन आठवडेही जिवंत राहते. त्यामुळे काही दिवसांनी पुन्हा नमुने घेतात, आणि तेव्हा बोळा नाकाबरोबरच बगलेत, जांघेत व खाटेच्या कठड्यावरही फिरवावा लागतो.