आत पाऊस, बाहेर पाऊस!

सोमवारची सकाळ. अकरा वाजता क्लायंटसमोर प्रेझेंटेशन. इस्त्रीचे फॉर्मल्स, मॅचिंग कानातले आणि शनिवारीच घेतलेले बेज रंगाचे शूज. बाहेर धो धो पाऊस, पण आपल्याला काय फिकीर? आपण गाडीत! कोथरूडहून निघाले, चांदणी चौकात ब्रेक दाबला आणि... छप्प!

सीटखालून पाण्याची एक छोटीशी लाट आली आणि माझ्या नव्या शूजना भेटून परत गेली.

हिंजवडीला पोचेपर्यंत डावा पाय क्लचवर आणि जीव टांगणीला. प्रेझेंटेशन दिलं, बरंही झालं. पण प्रत्येक पावलाला माझा बूट ‘पच्च’ म्हणत होता, आणि मीटिंग रूममधले सगळे सभ्यपणे ते ऐकलंच नाही असं दाखवत होते. यापेक्षा मोठ्यानं हसले असते तर परवडलं असतं.

माझी गाडी म्हणजे खरं तर बाबांची गाडी. लाल रंगाची छोटी हॅचबॅक, २००९ सालची. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर रजिस्ट्रेशन पुढे पाच वर्षांसाठी वाढवून घेतलंय. कंपनीचं नाव राहू दे, म्हातारपण काय, कुणालाच चुकलेलं नाही! बाबांनी गाडी चालवणं थांबवलं आणि चावी माझ्याकडे आली. पहिल्याच पावसाळ्यात लक्षणं दिसायला लागली. सकाळी काचा आतून धुरकट. एसी लावला की ओल्या गोधडीचा वास. ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं लिफ्ट घेतली आणि बसल्या बसल्या विचारलं, ‘‘काय गं, गाडीत मासे पाळलेस का?’’

वैतागून मी गाडी विकायचं ठरवलं. जुन्या गाड्यांचा एक व्यवहारवाला बघायला आला. दार उघडलं, नाक मुरडलं, पायाखालचं कार्पेट दाबलं आणि असा काही भाव सांगितला की भंगारवालासुद्धा लाजला असता. बाबा गॅलरीतून बघत होते. काही बोलले नाहीत. नुसते आत निघून गेले. ते ‘काही न बोलणं’ मला त्या भावापेक्षा जास्त लागलं. म्हटलं, विकायची तर विकू, पण अशी रडकी नाही. आधी ही गळती बंद करू.

मी, इंजिनियर(?)

मग काय, आपण स्वतःला हुशार समजतोच. हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची ट्यूब आणली आणि दाराची तपासणी सुरू केली. दाराच्या अगदी खालच्या कडेला तीन बारीक खाचा दिसल्या. युरेका! पाणी येणार नाही तर काय होणार, दाराला चक्क भोकं आहेत! तिन्ही खाचा मस्त बुजवून टाकल्या. वर बाबांना ऐकवलंसुद्धा, ‘‘बघा, इतकी वर्षं कुणाच्या लक्षात नाही आलं!’’

त्याच आठवड्यात दोन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तर आतून माठ हलवल्यासारखा आवाज. खळखळ, खळखळ. आणि पायाखाली आधीच्या दुप्पट तळं.

गल्लीच्या तोंडाशी एक मेकॅनिक बसतात, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी दाराखाली हात फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. ‘‘मॅडम, ही भोकं कुणी बुजवली?’’

‘‘मी,’’ असं म्हणायला जेवढं धैर्य लागलं, तेवढं प्रेझेंटेशनलाही लागलं नव्हतं.

त्यांनी स्क्रूड्रायव्हरनं सिलिकॉन उकरून काढलं आणि दारातून नळ सोडल्यासारखं पाणी वाहिलं. मग त्यांनी जे समजावलं, ते आपल्यापैकी नव्वद टक्के लोकांना माहीत नसतं, असं मी छातीठोकपणे सांगते. (उरलेल्या दहांमध्ये उस्ताद.)

दार कोरडं नसतंच!

गाडीच्या दारात पाणी शिरणार, हे कंपनीनं गृहीतच धरलेलं असतं. काच वर-खाली होते ना, तिच्या बाहेरच्या बाजूला एक रबरी पट्टी असते. ती काच पुसते, पण पाणी पूर्ण अडवत नाही. काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या पोकळीत उतरतं आणि तळाच्या त्या खाचांतून बाहेर पडतं. दाराच्या आतल्या पॅनेलमागे एक प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो हे पाणी केबिनमध्ये येऊ देत नाही. म्हणजे खाचा हा गाडीचा रोग नाही, ते औषध आहे! त्या माती-पानांनी तुंबल्या (किंवा माझ्यासारख्या कुणी बुजवल्या), की पाणी दारात साठतं, त्या कागदाची खालची कड ओलांडून आत उतरतं आणि दाराचा पत्रा आतून गंजायला लागतो.

दुसरी तटबंदी म्हणजे दाराभोवतीचं जाड, पोकळ रबर. दुकानात याला ‘बीडिंग’ म्हणतात. काही गाड्यांत ते दारावर असतं, माझ्या गाडीत ते बॉडीच्या कडेवर दाबून बसवलेलं आहे. दार लावलं की ते चेपतं आणि फट बंद करतं. हे साधारणपणे ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर असतं. नैसर्गिक रबराला ऊन आणि हवेतला ओझोन यामुळे तडे जातात, ईपीडीएम मात्र दोन्ही सोसतं. तरी वर्षानुवर्षं त्याच जागी चेपून राहिलं की ते फुगून वर यायचं विसरतं. आपल्या जुन्या कापसाच्या गादीचं होतं ना, तस्संच.

बाबा, बॅटरी आणि झारी

खाचा मोकळ्या केल्यावर तळं कमी झालं, पण संपलं नाही. म्हणजे पाणी आणखी कुठून तरी येत होतं. उस्ताद म्हणाले, ‘‘आधी चोर शोधा, मग कुलूप घ्या.’’

आधी संशयितांची यादी. पाऊस नसतानाही, एसी लावल्यावर पाय ओले होतात? मग एसीची पाणी सोडणारी नळी तुंबलेली असू शकते. पाणी चिकट, रंगीत आणि गोडसर वासाचं आहे? मग ते पाऊस नव्हे, कूलंट. तडक मेकॅनिककडे जा. वायपरखालच्या जाळीत पानांचा कचरा आहे? तिथलं पाणी तुंबून डॅशबोर्डमागून आत येऊ शकतं. माझ्या गाडीत एसी बंद असतानाही, फक्त पावसात आणि फक्त ड्रायव्हरच्या बाजूला पाणी येत होतं. संशय पुन्हा दारावरच.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोहीम सुरू झाली. पहिली परीक्षा नोटेची. दाराच्या कडेत दहाची नोट ठेवायची, दार लावायचं आणि नोट ओढायची. घट्ट येत असेल तर रबर दाबलं जातंय. सुळकन निघाली तर तिथे फट. दुसरी परीक्षा खडूची. रबरावर पांढरा खडू घासायचा, दार लावून उघडायचं. बॉडीवर, दारावर जिथे खडूची रेघ उमटत नाही, तिथे रबर टेकतच नाहीये. माझ्या लाल दारावर छान अखंड रेघ उमटली होती, फक्त पुढच्या वरच्या कोपऱ्यात, आरशाच्या वर, चार बोटं जागा कोरी!

आता पक्का पुरावा हवा. पाइपनं धो धो पाणी मारायचं नाही, प्रेशर वॉशर तर मुळीच नाही. त्यानं धडधाकट रबरातूनही पाणी शिरतं आणि भलताच निष्कर्ष निघतो. मी गॅलरीतली कुंड्यांची झारी आणली. आत बॅटरी घेऊन कोण बसणार? बाबा आपणहून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. कितीतरी महिन्यांनी.

झारीचा नियम एकच : खालून वर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. उंबऱ्यापाशी दोन मिनिटं. ‘‘बाबा?’’ ‘‘कोरडं.’’ बिजागऱ्यांपाशी. ‘‘कोरडं.’’ काचेच्या कडेला. ‘‘कोरडं गं.’’ मग तो वरचा कोपरा. अर्ध्या मिनिटात आतून आवाज, ‘‘आला! आला बघ!’’ इतका आनंद त्यांना भारत जिंकल्यावर होतो.

थेंब त्या कोपऱ्यातून शिरत होता, समोरच्या काचेशेजारच्या खांबाच्या कव्हरमागून गुपचूप उतरत होता आणि थेट पायाशी कार्पेटखाली जात होता. चोर वर, मुद्देमाल खाली! म्हणूनच ओल दिसते तिथेच भोक शोधणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

कार्पेटखालचं वर्तमानपत्र

ओलं कार्पेट उचलायलाच हवं होतं. त्याखालचा जाड थर स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो. वरून सुकलं तरी खालून ओलंच, आणि त्याच्याखाली पत्रा गंजतो, वायरींची जोडणी खराब होते. मी कार्पेट वर केलं आणि थबकले. खाली वर्तमानपत्रांच्या घड्या होत्या. एकीवर एक, लगदा झालेल्या. सगळ्यात वरच्या घडीवर साल वाचता येत होतं : २०१४.

‘‘बाबा, हे...?’’

‘‘अगं, तेव्हापासून थोडं थोडं येतंय. पेपर घातला की भागायचं. तुझ्या बाजूला येत नव्हतं ना.’’

माझ्या बाजूला. २०१४ साली मी बारावीत होते. पावसाळ्यात रोज सकाळी बाबा मला क्लासला सोडायचे. पायात ती प्लॅस्टिकची पावसाळी सँडल आणि ऑफिसचे बूट पिशवीत. मला मैत्रिणींसमोर इतकी लाज वाटायची त्या सँडलची! मी त्याला कंजूषपणा समजत होते. त्या वर्षी माझी फी भरताना गाडीचं रबर मागे पडलं असणार, हे मला आत्ता, अकरावी-बारावीच्या फीचे आकडे आठवल्यावर कळलं. मी काही बोलले नाही. ‘काही न बोलणं’ आमच्या घराण्यातच आहे.

नाना पेठेतली खरेदी

दुसऱ्या दिवशी हाफ-डे टाकून नाना पेठ गाठली. तिथल्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात जाताना जुन्या रबराचा वीतभर तुकडा कापून न्यायचा, कारण ‘तसंच’ दिसणारं आणि ‘तेच’ असणारं रबर यांत फरक असतो. पोकळ भाग जास्त जाड असेल तर दार लागत नाही, बारीक असेल तर गळती कायम. आतल्या पकडीची रुंदीही तपासायची. एका दाराचं बीडिंग मल्टिप्लेक्समधल्या दोघांच्या सिनेमा-पॉपकॉर्नच्या खर्चात बसलं.

बसवणं अवघड नाही, पण घाईचं काम नाही. जुनं रबर ओढून काढलं. बॉडीची कड साबणाच्या पाण्यानं पुसली. दोन ठिकाणी गंज होता, तो पॉलिश पेपरनं घासला, प्रायमर आणि टच-अप रंग लावून रात्रभर वाळू दिला. वाकलेली कड पकडीनं सरळ केली. मग नवं रबर खालून, उंबऱ्याच्या मधोमध सुरू केलं, म्हणजे जोड वरच्या पावसात येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं : रबर ताणायचं नाही! ताणून बसवलं तर काही दिवसांत ते आकसतं आणि जोडाला फट पडते. कोपऱ्यांत थोडं सैल, दाबत दाबत न्यायचं, टोकं एकमेकांना घट्ट भिडतील इतकंच कापायचं. शेवटी रबरी हातोडीनं हलकेच ठोकायचं.

पहिले काही दिवस दार जरा जोरात लावावं लागलं. नवं रबर अंग चोरत नाही हो! खडूची रेघ मात्र सगळीकडे अखंड.

मग पाऊस आला. बाबांनी कार्पेटखाली त्या दिवशीचा पेपर घडी करून ठेवला होता, ‘टेस्टिंग’ म्हणून. दोन दिवस झोडपून काढलं पावसानं. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी कार्पेट उचललं. पेपर कुरकुरीत कोरडा! बाबांनी तो झटकला, ड्रायव्हरच्या सीटवर बसले, चष्मा लावला आणि चक्क वाचायला लागले.

तो व्यवहारवाला परवा पुन्हा फोन करत होता. त्याला म्हटलं, दादा, गाडीत सध्या वाचनालय आहे. विकायची नाही.

तुमच्या गाडीसाठी झटपट टिप्स

• पावसाळ्याआधी दाराखालच्या खाचा प्लॅस्टिकच्या झिप-टायनं मोकळ्या करा. बुजवू नका. माझी शपथ!

• रबर सौम्य साबणानं धुवा, वाळवा आणि सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस नको, त्यानं ईपीडीएम फुगतं आणि मऊ पडतं.

• रबर थोडंच चेपलं असेल तर हेअर ड्रायरची कोमट हवा देऊन बघा, कधी कधी ते बरंच वर येतं. तडे गेले असतील तर बदलाच.

• व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन पत्र्याला लावू नका. वाळताना त्यातून निघणारं आम्ल धातूला गंजवतं.

• रबर चांगलं, तरी फट? दार थोडं उचलून बघा. खडखडलं तर बिजागऱ्या झिजल्यात. तिथे रबर नाही, मेकॅनिक लागेल.

• आणि हो, हे रबर पावसासाठी आहे, पुरासाठी नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तसलं पाणी रस्त्यावर दिसलं तर गाडी घालू नका. घरी बसा, भजी तळा!