क्लायंटला बोर्डवर घेताय? आधी त्याला काय दिसणार ते पाहा

लोगोचा रंग नक्की कोणी मंजूर केला, हे शोधायला व्हॉट्सॲपवर शेकडो मेसेज मागे जावं लागतं. तोवर बिल अडकलेलं असतं. म्हणून अनेक छोट्या डिझाइन आणि आयटी कंपन्या क्लायंटलाच प्रोजेक्ट टूलमध्ये घेतात. पण टूल निवडताना किमतीच्याही आधी पाहायला हवं ते हे, की क्लायंटला आतलं काय काय दिसणार?

२०११ मध्ये आलेलं ट्रेलो शिकायला सोपं. मात्र बोर्डवर घेतलेल्या व्यक्तीला त्यावरची सगळी कार्डं आणि कॉमेंट्स दिसतात. ‘हा क्लायंट डोकं खातो’ ही टीममधली कॉमेंटसुद्धा! त्यामुळे क्लायंटसाठी वेगळा बोर्ड करावा लागतो आणि एकाच कामाची नोंद दोनदा होते. असानामध्ये बाहेरच्या व्यक्तीला एका प्रोजेक्टपुरतं, अगदी एका टास्कपुरतंही बोलावता येतं. बेसकॅम्प २००४ पासूनचं आणि याबाबतीत जास्त सावध. तिथे मजकूर आधी टीमपुरताच राहतो, मुद्दाम दाखवला तरच क्लायंटला दिसतो.

क्लायंटला आमंत्रण पाठवण्याआधी स्वतःच्याच दुसऱ्या ई-मेलवरून पाहुणा म्हणून लॉगिन करून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.