सरोवराचे पाणी आणि त्याचे जाणते

तलावात पाणी किती आहे, हे मोजपट्टी सांगते. परंतु ते केव्हा चढावे, केव्हा उतरावे आणि कोणत्या वाटेने वाहावे, हे मोजपट्टीस कळत नाही. मासे, पाणवनस्पती व पक्षी यांचे जीवन मात्र ह्या गोष्टींवरही तितकेच अवलंबून असते. म्हणून जलसृष्टीसाठी पाणी राखावयाचे, तर पिढ्यान्‌पिढ्या त्या काठी राहिलेल्या लोकांना योजनेत प्रथमपासून सहभागी करून घ्यावे लागते. ह्या दृष्टीने ऑस्ट्रेलियातील एका सरोवराचा इतिहास बोधप्रद आहे.

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातील व्हिक्टोरिया राज्यात बज बिम नावाचा ज्वालामुखी आहे. त्याच्या लाव्हारसाने बनलेल्या काळ्या, खडकाळ प्रदेशात टे रॅक हे उथळ सरोवर असून इंग्रजी नकाशांत त्यास कोंडा सरोवर म्हणतात. हा गुंडिचमारा ह्या आदिवासींचा मुलूख होय. येथील वाम हा सापासारखा लांब मासा कित्येक वर्षे गोड्या पाण्यात वाढतो व पुढे पुराच्या पाण्याबरोबर समुद्राकडे निघतो. दूरच्या उष्ण समुद्रात तो अंडी घालतो. पिले समुद्रप्रवाहाबरोबर वाहत येऊन पुन्हा नद्यांत शिरतात. माशाची ही ये-जा ओळखून गुंडिचमारांनी दगडांचे बांध रचले, खडकांतून चर काढले आणि बांधांतील फटींत विणलेल्या लांब टोपल्या लावून मासे धरले. ह्या बांधकामाचा काही भाग सुमारे ६,६०० वर्षांपूर्वीचा असल्याचे उत्खननाने सिद्ध झाले आहे.

१९ व्या शतकात युरोपीय वसाहतवाले तेथे आले. त्यांना मेंढ्या-गुरांसाठी कुरणे हवी होती. पाणथळ जागा म्हणजे वाया गेलेली जमीन, अशी त्यांची समजूत. चर खणून पाणी बाहेर काढण्यात आले आणि १९५० च्या दशकातील कामांनंतर सरोवर बहुतेक कोरडे पडले. दगडांचे बांध जागच्या जागी राहिले, पण त्यांतून पाणी वाहीना. ज्यांचे अन्न, कला व स्मृती त्या पाण्याशी बांधलेल्या होत्या, त्यांचे मत कोणी विचारले नाही.

गुंडिचमारांनी सरोवर पुन्हा भरावे हा आग्रह सोडला नाही. २००७ मध्ये न्यायालयाने त्यांचे पारंपरिक भूमिहक्क मान्य केले. पुढील वर्षी सरोवराची जमीन त्यांना परत मिळाली आणि २०१० मध्ये बंधारा बांधून पाणी पुन्हा अडविण्यात आले. येथे अभियंत्याचे गणित आवश्यक होतेच. परंतु पाणी कोणत्या चरापर्यंत पोहोचले म्हणजे सरोवर खरोखर जिवंत झाले, हे सांगणारे गुंडिचमाराच होते. २०१९ मध्ये युनेस्कोने ह्या प्रदेशास जागतिक वारशाचा दर्जा दिला.

हा पाठ आपल्याकडेही लागू पडतो. भंडारा-गोंदिया भागातील जुने मालगुजारी तलाव कोहळी समाजाच्या कौशल्याने उभे राहिले आणि ढीवर मच्छीमारांनी त्यांतील माशांचे जीवन जवळून पाहिले. असे जाणते लोक बहुतेक प्रत्येक गावात असतात. शिक्षकांनी परिसर अभ्यासाच्या तासास मुलांना गावच्या तलावावर किंवा ओढ्यावर न्यावे, आणि गावातील एखाद्या वृद्ध मच्छीमारास अथवा शेतकऱ्यास सन्मानाने बोलवावे. पूर्वी पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिके, मासे कोणत्या वाटेने चढत, कोणती वनस्पती नाहीशी झाली, हे मुलांनी स्वतः विचारावे व वहीत नकाशासह नोंदवावे. अशी वही वर्षानुवर्षे शाळेत जपली, तर पुढे ग्रामसभेत तलाव खोल करण्याचा किंवा गाळ काढण्याचा प्रश्न निघेल तेव्हा ती उपयोगी पडेल. शिवाय पाण्याविषयी निर्णय घेण्यापूर्वी त्याच्या काठी राहणाऱ्यास विचारावे, ही सवय मुलांस लहानपणीच लागेल.