चौकशीची खिडकी

विटा स्टँडवर मी एकोणीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. लोक नुसतं कंट्रोलर म्हणतात. दिवसाला शंभर-सव्वाशे वेळा माईकवर बोलायचं आणि मधल्या वेळेत खिडकीतून येणाऱ्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, ही माझी नोकरी. 2016 ला निवृत्त झालो. 2023 च्या जानेवारीत ही गेली. त्यानंतर तीन-एक महिन्यांनी एका दुपारी मी स्टँडच्या चौकशीचा नंबर फिरवला आणि विचारलं, "स्वारगेटला दुपारची गाडी किती वाजता?" दुसऱ्या दिवशी पंढरपूरची विचारली. तिसऱ्या दिवशी पलीकडचा पोरगा हसला. "साहेब, हे टाइमटेबल तुम्हीच आमच्याकडून पाठ करून घेतलंय. काय काम होतं?"

काम काहीच नव्हतं. फोन ठेवला आणि दरदरून घाम फुटला.

एकटं राहणं मला नवीन नव्हतं. नोकरीत कितीतरी रात्री स्टँडवर काढल्या, मुक्कामी गाड्या निघून गेल्यावर आख्ख्या आवारात मी आणि दोन कुत्री. तेव्हा कधी काही वाटलं नाही. एकटं असणं ही मोजता येणारी गोष्ट आहे. घरात माणसं किती, एवढाच हिशेब. एकाकी वाटणं वेगळं. आपल्याला हवी तेवढी जवळीक मिळत नाही, हे आत टोचत राहतं, आणि ते भरल्या घरातल्या सुनेलाही टोचतं, होस्टेलवरच्या पोरालाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालात जगातल्या दर सहा माणसांमागे एक जण एकाकी असल्याचं म्हटलं आहे, आणि त्यात तरुण पोरं कमी नाहीत. मी मात्र माझ्या भागातल्या म्हाताऱ्यांबद्दलच बोलतो, कारण ती मला दिसतात.

आमचा खानापूर तालुका गलाईवाल्यांचा. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात इथली पोरं देशभर पांगली आहेत. कोइमतूर म्हणा, लुधियाना म्हणा, सराफ बाजार आला की तिथं आमच्याकडचा कोणीतरी सापडणारच. पैसा आला, गावोगाव बंगले उठले. माझ्या गल्लीतल्या एका बंगल्यात आठ खोल्या आहेत आणि राहणारी दोन माणसं. त्यातल्या आजी वरच्या मजल्यावर वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, झाडायला जातात. त्यांच्याकडे पैशाची टंचाई नाही. तरी भाजीवाल्याला त्या पाच मिनिटं जास्त थांबवतात, आणि तो थांबतो, ही त्याची भलाई.

मुलीनं मला मोठ्या शहरातल्या एका खासगी समुपदेशकाकडे नेलं. पंचेचाळीस मिनिटांचे दीड हजार. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या मागच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि माझी नजर हटेना. ईपीएस-95 चं माझं पेन्शन महिन्याला तीन हजारांच्या आत. म्हणजे दोन बैठकांत महिना संपला. मुलगी म्हणाली, "बाबा, मी देते की." पण पोरीच्या पैशानं पोरीबद्दलच्या तक्रारी सांगायच्या, हे मला काही जमेना.

मग दूधवाल्याच्या भावानं सांगितलं, सरकारी दवाखान्यात हे फुकट असतं. खरंच असतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरल्या वारी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात येतं. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. तरी मी आमच्या गावचा दवाखाना सोडून शेजारच्या तालुक्याला गेलो, कोणी बघायला नको म्हणून. आता मी पडलो एसटीवाला. गाडीत चढल्या चढल्या कंडक्टरनं विचारलं, "साहेब, इकडं कुठं?" मी म्हणालो, "बीपी." पुढच्या चारही खेपांना मला बीपीच होतं.

समुपदेशक मुलगी माझ्या पोरीच्या वयाची. आधी तिनं नऊ प्रश्नांचा एक कागद भरून घेतला: गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, कशातच मन लागत नाही असं किती दिवस झालं, जीव नकोसा वाटतो का. नैराश्याचा आजार आहे का, हे चाचपण्यासाठी तो असतो. माझे गुण काठावर आले. मग तिनं विचारलं, "काका, काल कोणाशी बोललात?"

मी आठवून पाहिलं. दूधवाल्याशी. "उद्या अर्धा लिटर." आख्ख्या दिवसात तीन शब्द.

मला वाटलं होतं, आता ही मला धीर देईल. तिनं दिली एक दोनशे पानी वही. रोजच्या दिवसाचे तास लिहायचे, काय केलं ते लिहायचं आणि त्यानं बरं वाटलं की नाही याला दहापैकी गुण द्यायचे. आठवड्यानं वही बघून म्हणाली, "आता पुढच्या आठवड्याचं आधीच ठरवू. मन होईल तेव्हा बाहेर पडेन, असं करायचं नाही. मन मागून येतं." म्हणजे वेळापत्रकच की! पॅसेंजर असो नसो, गाडी वेळेवर फलाटाला लागली पाहिजे. हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत होतो.

ही रीत तिची एकटीची नाही, आणि गरिबांसाठी काढलेली हलकी आवृत्तीही नाही. गोव्यात 1996 मध्ये सुरू झालेल्या 'संगत' या संस्थेनं, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना असंच काम शिकवलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. सहा ते आठ बैठका, रोजच्या जगण्यात थोडी हालचाल परत आणायची. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला हे मिळालेल्यांना जास्त उतार पडला, हे 'लॅन्सेट'मध्ये 2017 साली छापून आलं. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या केंद्रानं 'आत्मीयता' सुरू केलं. गावातल्याच, लोक ज्यांचं ऐकतात अशा बायाबापड्यांना शिकवायचं, मग त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांचं ऐकायचं. पुढे ते गुजरातेत मेहसाण्याला गेलं.

पण मला धरून ठेवलं ते झिंबाब्वेच्या गोष्टीनं. डॉ. डिक्सन चिबांडा हे तिथले मानसोपचारतज्ज्ञ. त्यांची एक तरुण पेशंट तपासणीला आलीच नाही आणि तिनं जीव दिला. का आली नाही? बसभाड्याचे 15 डॉलर घरात नव्हते. हे ऐकलं तेव्हा मी उठून गॅलरीत गेलो. माझ्या खिडकीवर किती जण भाडं विचारून मागे फिरले असतील! दवाखाना फुकट केला तरी दवाखान्यापर्यंतचं तिकीट कोण काढणार? चिबांडांनी 2006 मध्ये राजधानी हरारेच्या म्बारे वस्तीत चौदा आज्या गाठल्या, त्यांना प्रश्न सोडवण्याची पद्धत शिकवली आणि दवाखान्याच्या आत जागा नव्हती म्हणून बाहेर, झाडाखाली, लाकडी बाकावर बसवलं. 'मानसिक आरोग्याचा बाक' या नावाला आज्यांनीच नाक मुरडलं. असल्या बाकावर बसेल कोण? मग तो मैत्रीचा बाक झाला. पुढे 573 जणांवर रीतसर चाचणी झाली. सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी निम्म्यांना नैराश्याची लक्षणं होती, आज्यांकडे बसलेल्यांपैकी साधारण 14 टक्क्यांना. आणि बाकावरच्या बैठका संपल्या की माणसाला घरी एकटं सोडत नाहीत, गटात घेतात. तिथं बायका गप्पा मारत जुन्या प्लॅस्टिकच्या पिशव्या विणतात.

हा शेवटचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. समुपदेशक चार वेळा भेटली, आठ वेळा भेटली. नवव्या मंगळवारी काय?

आमच्याकडे त्यावर ज्येष्ठ नागरिक संघ आहे. मी गेलो. वाढदिवसाची शाल, मधुमेहावर व्याख्यान, पहिल्या रांगेत कोण बसणार यावर रुसवेफुगवे. करमणूक होते, नाही असं नाही. पण सत्तर माणसांत दोन तास बसून मी एक वाक्य बोललो नव्हतो, आणि बायका तर पाठीमागं बसून पोहे वाटण्यापुरत्या.

म्हणून आम्ही पाच-सहा जण मंगळवारी-शुक्रवारी मारुतीच्या पारावर वेगळे बसू लागलो. एकच नियम: समोरचा बोलत असताना पहिली दहा मिनिटं कोणी सल्ला द्यायचा नाही. निवृत्त मास्तरांना हे फार जड जातं. एक तलाठी तीन आठवडे नुसते येऊन बसले. चौथ्या आठवड्यात म्हणाले, "बायकोचा फोन अजून रिचार्ज करतो मी." कोणी काही बोललं नाही, आणि तेच बरं झालं.

मात्र पार म्हणजे दवाखाना नव्हे. हरारेच्या आज्यांनासुद्धा प्रशिक्षण आहे, अडलं की विचारायला वरची माणसं आहेत. आम्हाला यातलं काही नाही. म्हणून कोणाच्या तोंडून मरणाची भाषा आली की आम्ही समजूत घालत बसत नाही. त्याला एकटं सोडायचं नाही आणि सोबत दवाखान्यात जायचं. रात्र असेल तर 14416. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, 2022 पासूनची, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. म्हाताऱ्यांच्या इतर अडचणींना 14567 आहे, तो दिवसाचा.

गेल्या पावसाळ्यात चौकशीवरच्या त्याच पोराचा मला फोन आला. "साहेब, एक आजोबा आहेत. पंच्याहत्तरच्या वरचे, तिकीट फुकट. सकाळी सांगलीला जातात, दुपारी परत येतात, मग पुन्हा चौकशीला. आजची तिसरी खेप. तुम्ही येता का जरा?"

मी चपला घातल्या. आजोबा फलाट तीनच्या बाकड्यावर बसले होते, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत फक्त छत्री. मी शेजारी टेकलो. सवयीनं विचारलं, "कुठं जायचंय?"

"कुठं नाही," ते म्हणाले. "गाडीत शेजारी कोणतरी बसतं."

स्वारगेट लागली, भरली, गेली. आम्ही बसून राहिलो. थोड्या वेळानं त्यांनी छत्री काढून बाकड्याला टेकवली आणि विचारलं, "तुमची कुठली गाडी?"