सौरवृक्ष: घ्यावे ते खोड

सौरवृक्ष म्हणजे एका उभ्या पोलादी खांबाला फांद्या काढून त्यांच्या टोकांवर सौर पॅनेल बसवलेली रचना होय. शिल्प आणि वीजनिर्मितीचे साधन ही तिची दुहेरी ओळख ठळक झाली ती 2007 साली व्हिएन्नामध्ये. तेथील उपयोजित कलांच्या संग्रहालयासमोर वेल्श अभिकल्पकार रॉस लव्हग्रोव्ह यांनी वाकदार पोलादी नळ्यांचा एक दीपवृक्ष उभारला, जो दिवसा बॅटरीत वीज साठवी आणि रात्री रस्ता उजळी. सिंगापूरच्या 'गार्डन्स बाय द बे' या उद्यानात 2012 पासून उभे असलेले 18 'सुपरट्री' 25 ते 50 मीटर उंच असून त्यांच्या काँक्रीटच्या गाभ्याभोवतीच्या पोलादी सांगाड्यावर वेली, नेचे आणि ऑर्किड वाढवलेली आहेत. त्यांपैकी काहींच्या माथ्यावर सौर पॅनेल आहेत, तर काही जवळच्या थंड ठेवलेल्या काचगृहांतील हवा बाहेर सोडणाऱ्या धुरांड्यांचे काम करतात. तेथे वीज हे अनेक कामांपैकी एक काम आहे, आणि डोळ्यांना मिळणारा आनंद हे मुख्य.

भारतात या आकाराकडे पाहिले गेले ते प्रामुख्याने जमिनीच्या गरजेतून. पश्चिम बंगालमधील दुर्गापूर येथील केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेने 2016 मध्ये मांडलेल्या 5 किलोवॉटच्या सौरवृक्षाला बुंध्यापाशी सुमारे 4 चौरस फूट जागा पुरत होती, तर तेवढ्याच क्षमतेची पॅनेल जमिनीवर अंथरण्यास सुमारे 400 चौरस फूट लागतात. याच संस्थेने ऑगस्ट 2020 मध्ये आपल्या निवासी वसाहतीत उभारलेल्या मोठ्या वृक्षावर प्रत्येकी 330 वॉटची 35 पॅनेल आहेत. म्हणजे एकूण क्षमता सुमारे 11.5 किलोवॉट, आणि अपेक्षित वार्षिक उत्पादन 12 ते 14 हजार युनिट. पॅनेल धरणाऱ्या हातांचा कल गरजेप्रमाणे बदलता येतो आणि त्यांची मांडणी अशी केली आहे की एकाची सावली दुसऱ्यावर शक्य तितकी कमी पडावी.

सावलीचा हा मुद्दा गौण वाटला तरी सौरवृक्षाची खरी कसोटी तेथेच लागते. झाडाची पाने एकमेकांवर सावली धरतात आणि तरीही झाडाचे बिघडत नाही, कारण भर उन्हात वरच्या पानांचे प्रकाशसंश्लेषण लवकरच कमाल मर्यादेला पोहोचते, आणि खालची पाने झिरपून आलेल्या व विखुरलेल्या प्रकाशावरही आपले काम करीत राहतात. सौर पॅनेलमधील घट मात्र एकापुढे एक असे एकसर जोडलेले असतात. त्यामुळे एका घटावर सावली पडली की संपूर्ण मालिकेतून वाहणारा प्रवाह त्या दुर्बल घटाच्या पातळीवर उतरतो. ही हानी आवरण्यासाठी सावलीतील घटांना वळसा घालून प्रवाह पुढे नेणारे बायपास डायोड वापरतात, आणि वेगवेगळ्या दिशांना तोंड असलेल्या पॅनेलांचे नियंत्रण स्वतंत्र ठेवावे लागते. तरीही गेलेला सूर्यप्रकाश परत मिळत नाही. 2011 मध्ये अमेरिकेतील एका शाळकरी मुलाने फांदीवरील पानांच्या सर्पिल रचनेप्रमाणे घट मांडून अधिक वीज मिळते असे दाखवले आणि त्याचे मोठे कौतुक झाले. परंतु त्या प्रयोगात मोजले गेले होते ते भार न जोडता मिळणारे व्होल्टेज, प्रत्यक्ष मिळणारी शक्ती नव्हे. मुलाचे कुतूहल मोलाचेच होते, मात्र निष्कर्ष टिकला नाही. झाडाकडून यंत्राने घ्यावे ते खोड, म्हणजे थोड्या पायावर उंच जाऊन वर विस्तारण्याची युक्ती. पानांची दाटी त्याला मानवत नाही.

खोडाचीही किंमत मोजावी लागते. उंचावरच्या पॅनेलांवर वारा आदळतो तेव्हा सारा खांब तरफेसारखा वागतो आणि बुंध्यावर येणारा ताण उंचीबरोबर वाढत जातो, म्हणून पाया खोल आणि जड करावा लागतो. धूळ हा दुसरा शत्रू. 2016 च्या नमुन्यात ती धुण्यासाठी शेंड्यावर पाण्याचा फवारा बसवला होता. 2020 च्या वृक्षाचा खर्च सुमारे साडेसात लाख रुपये सांगितला गेला, आणि मोकळे छत हाताशी असेल तर तेवढीच क्षमता तेथे कमी खर्चात बसते. त्यामुळे छत असलेल्या इमारतीच्या आवारात सौरवृक्ष केवळ विजेसाठी उभारणे हे समर्थनीय ठरत नाही. तेथे त्याने शिल्प म्हणूनच आपली जागा कमवावी.

शेतात हिशेब बदलतो. तेथे छत नसते, जमीन पिकाखालून काढणे परवडत नाही, आणि उंचावरील विरळ पॅनेलांची सावली सूर्याबरोबर सरकत असल्याने पिकाचा कोणताही पट्टा दिवसभर झाकला जात नाही. अशा वृक्षाच्या विजेवर सिंचनाचा पंप चालू शकतो. दुर्गापूरच्या संस्थेने सुमारे 310 चौरस मीटर पॅनेलांचा आपला पुढचा, गिनीज नोंद मिळवणारा सौरवृक्ष उभारला तो लुधियानातील कृषी यंत्रांच्या केंद्रात.