पाळीचा ताप आणि परजीवीचे घड्याळ

आमच्या कन्नड तालुक्यातील खेड्यात हिवतापाला 'पाळीचा ताप' म्हणतात. मी चौथीत असताना आण्णा ऊसतोडीवरून परतले ते हा ताप घेऊनच. दुपारी हुडहुडी भरायची. दोन गोधड्या टाकल्या तरी दात वाजायचे. मग अंग भट्टीसारखे तापायचे आणि शेवटी घामाने अंथरूण भिजून ताप उतरायचा. दुसऱ्या दिवशी ते उठून बैलांना वैरण घालायचे. तिसऱ्या दिवशी पुन्हा थंडी! आजी बोटांवर दिवस मोजून सांगायची, "आज पाळी हाय, रानात जाऊ नको." तिचा हिशेब क्वचितच चुकायचा.

तापाला दिवस कसा कळतो, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात होता. मी कला शाखेची विद्यार्थिनी. प्रयोगशाळेशी माझा संबंध नाही. तरीही ग्रंथालयात बसून जे उत्तर हाती आले, ते येथे मांडत आहे.

१८८० साली अल्जीरियात लॅव्हेराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टराला हिवतापाच्या रुग्णाच्या रक्तात एक हालचाल करणारा सूक्ष्म जीव दिसला. एकाच पेशीचा हा जीव दुसऱ्याच्या शरीरावर जगतो, म्हणून तो परजीवी. त्याचे शास्त्रीय नाव प्लाझ्मोडियम. तो रक्तातील तांबड्या पेशीत शिरतो, तिच्यातील हिमोग्लोबिन खाऊन वाढतो आणि एकाचे अनेक होतात. मग ती पेशी फुटते आणि बाहेर पडलेली पिलावळ नव्या पेशी गाठते. आपल्याकडे नेहमी आढळणाऱ्या व्हायव्हॅक्स जातीत या फेऱ्याला सुमारे ४८ तास लागतात. असंख्य पेशी जवळजवळ एकाच वेळी फुटतात, त्यांतील घाण रक्तात मिसळते आणि शरीर थंडी-तापाने तिला उत्तर देते. पेशी फुटण्याची वेळ आणि ताप चढण्याची वेळ एकच असते, हे गॉल्जी या इटालियन शास्त्रज्ञाने १८८५-८६च्या सुमारास दाखवून दिले. आजी बोटांवर मोजत होती ते हेच ४८ तास!

मात्र सुरुवातीचे काही दिवस ताप अनियमित असतो. फाल्सिपेरम ही जात तर बहुधा पाळी धरतच नाही, आणि मेंदूपर्यंत पोचून ती जीव घेऊ शकते. तेव्हा 'पाळी नाही म्हणजे हिवताप नाही' असे समजणे घातक आहे. निदान रक्ताच्या तपासणीनेच करावे.

हा परजीवी एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा? या प्रश्नाचे उत्तर ज्या मुलखात मिळाले, त्यात आपला मराठवाडाही होता. निजामाच्या राज्यातील सिकंदराबादच्या इंग्रजी छावणीत रोनाल्ड रॉस हा डॉक्टर डास फाडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असे. हुसेन खान नावाच्या रुग्णाने स्वतःला डास चावून घेतले. प्रत्येक डासामागे त्याला एक आणा मिळाला. २० ऑगस्ट १८९७ रोजी अशाच एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉसला परजीवीच्या गाठी दिसल्या. पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग करून परजीवी डासाच्या लाळेत उतरतो हे त्याने सिद्ध केले. रॉसला १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हुसेन खानाचे पुढे काय झाले, हे मी वाचलेल्या पुस्तकांत नाही. पण त्याच्या रक्तावाचून हा शोध पुरा झाला नसता.

तरी एक कोडे उरले होते. डास चावल्यावर ताप येईपर्यंत आठ-दहा दिवस किंवा अधिक जातात. तेवढे दिवस परजीवी असतो कोठे? १९४८ साली शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी माकडांवरील प्रयोगातून उत्तर दिले: यकृतात. तेथे एकाचे हजारो होऊन ते रक्तात उतरतात. परंतु व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतातच निद्रिस्त राहतात आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी जागे होतात.

येथे मला आण्णांची गोष्ट पुरी करावी लागेल. त्यांना चौदा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या होत्या. तीन दिवसांत ताप गेला. "ताप गेला, आता गोळ्या कशाला?" म्हणून उरलेल्या गोळ्या देवळीत पडून राहिल्या. ऐन मृगाच्या पेरणीत ताप पुन्हा आला. कोणी म्हणाले करणी, कोणी म्हणाले नशीब. आमची पेरणी पंधरा दिवस मागे पडली. डास नव्याने चावला असेल, हेही शक्य आहे. पण देवळीतल्या त्या गोळ्या आठवल्या की मला दुसरेच कारण खरे वाटते. रक्तातील परजीवी मारणारे औषध निराळे आणि यकृतात झोपलेल्याला मारणारे प्रायमाक्वीन निराळे. चौदा दिवस असतात ते या दुसऱ्यासाठी. (गरोदर स्त्रिया व काही विशिष्ट रुग्णांना ते चालत नाही, म्हणून डॉक्टरांचा सल्ला हवाच.) घरात गोळ्यांची चिठ्ठी वाचणारी तेव्हा मी एकटीच होते, आणि मला 'चौदा दिवस' एवढेच वाचता आले, 'का' ते ठाऊक नव्हते.

संशोधन अजून थांबलेले नाही. पेशी फुटण्याची वेळ परजीवी केवळ माणसाच्या शरीराकडून शिकतो, की त्याचे स्वतःचे घड्याळ असते? २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात याविषयी दोन निबंध प्रसिद्ध झाले. शरीराबाहेर वाढवलेल्या परजीवींत आणि ज्यांचे शारीरिक घड्याळच बिघडवले होते अशा उंदरांतील परजीवींतही लय टिकून असल्याचे आढळले. म्हणजे घड्याळ परजीवीच्या आत आहे. ते बिघडवता आले तर उद्या नवे औषध मिळू शकेल.

आजी आज हयात नाही. तिने ताप येण्याचे दिवस अचूक मोजले होते. मोजायचे राहिले होते ते ताप गेल्यानंतरचे दिवस. ती मोजणी आता आपण शिकलेल्या मुलामुलींनी घरोघरी शिकवली पाहिजे.