मणभर धोंड्याचे कोडे

फ्रेंच गणिती बाशे याच्या ग्रंथाच्या १६२४ च्या आवृत्तीत आलेले, परंतु इंग्रजी अमदानीतील ४० शेरांच्या सरकारी मणात चपखल बसणारे हे कोडे अकोला-अमरावतीच्या कापूसबाजारात वावरणाऱ्या स्नेह्यांना अवश्य घालावे: मणभर वजनाचा धोंडा फुटून त्याचे असे चार तुकडे झाले की, त्यांच्या साहाय्याने १ ते ४० पर्यंतचा प्रत्येक पूर्ण शेर तोलता येतो, तर ते तुकडे कोणते?

तुकडे दोन्ही पारड्यांत ठेवण्याची मुभा आहे, हेच यातील मर्म. म्हणून उत्तर १, ३, ९ व २७ शेर. दोन शेर सरकी तोलताना तिच्या पारड्यात १ आणि समोर ३ ठेवावा.

मित्रांना मात्र उत्तर तत्काळ सांगू नये. ते स्वतः शोधण्याचा आनंद हा त्यांचा हक्क आहे.